दोन भाषांच्या गावासाठी कोणतं मॉडेल घ्यावं?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारापुढे दोनच चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. त्याच मतदाराला भाषा विचारली असती, तर उत्तर एका चिन्हात मावलं नसतं. बोलायला कोंकणी, आणि वाचायला, भजनाला, नाटकाला मराठी, अशी कितीतरी घरं होती. भाषाबदलावर, म्हणजे लोक एक भाषा सोडून दुसरी कशी धरतात यावर, प्रकल्प करायचा म्हणून गणिती मॉडेल शोधायला निघालात तर हे घर डोळ्यांसमोर ठेवा. मताची आणि भाषेची समीकरणं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, आणि चुकीची उचलली जाते ती इथेच.

सर्वांत साधं मतदार मॉडेल. क्लिफर्ड आणि सडबरी यांनी १९७३मध्ये ते मांडलं, तेही जागेसाठी झगडणाऱ्या प्रजातींसाठी. मतदाराचं नाव त्याला चिकटलं ते १९७५च्या हॉली आणि लिगेट यांच्या कामानंतर. चौकटीच्या कागदावर प्रत्येक घरात एक माणूस, त्याचं मत अ किंवा ब. चिठ्ठी टाकून एक माणूस काढायचा, त्याच्या चार शेजाऱ्यांपैकी एक काढायचा आणि त्या शेजाऱ्याचं मत पहिल्याला द्यायचं. एवढाच नियम. कागदाच्या समोरासमोरच्या कडा जोडलेल्या धरल्या आणि १०० घरांपैकी ६० अ असतील, तर अखेर सगळा कागद अ होण्याची शक्यता बरोबर ६० टक्के. दोन्ही बाजूंना मत कधीच न बदलणारे थोडे लोक बसवले की एकमत होतच नाही, टक्केवारी हेलकावत राहते. निवडणुकीवर काम असेल तर मी हेच रूप घेईन. मत हो-नाहीचं नसून कमी-जास्तीचं असेल, तर २०००च्या सुमाराचं डेफुआँ आणि सहकाऱ्यांचं मॉडेल पाहा. त्यात फार लांबच्या मताचं माणूस ऐकतच नाही, म्हणून गट पडतात.

भाषेसाठी मात्र मतदार मॉडेल तोकडं पडतं, कारण त्यात दोन्ही बाजूंचं वजन सारखं असतं. हे वजन एब्रॅम्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी २००३मध्ये आणलं. भाषा किती ओढते हे दोन गोष्टींवर ठरतं: बोलणाऱ्यांचा वाटा, एका घातापर्यंत चढवलेला, आणि भाषेची प्रतिष्ठा. वेल्श, स्कॉटिश गेलिक, केचुआ अशा भाषांच्या ४२ ठिकाणच्या आकड्यांवरून घात साधारण १.३१ निघाला.

हे कागदावर एकदा तरी करून बघाच. आपली भाषा ६० टक्के लोकांची, प्रतिष्ठा ०.४, समोरचीची ०.६ (दोन्ही प्रतिष्ठांची बेरीज १ धरतात). गुणाकार असा: सोडणाऱ्या बाजूचा वाटा × ओढणाऱ्या भाषेची प्रतिष्ठा × तिच्या वाट्याचा घात. आत येणारे: ०.४ × ०.४ × (०.६ चा १.३१ घात), म्हणजे ०.०८२. बाहेर जाणारे: ०.६ × ०.६ × (०.४ चा १.३१ घात), म्हणजे ०.१०८. बहुमत असूनही भाषा आटते! प्रतिष्ठा ०.४७ च्या वर नेली तर मात्र तीच भाषा वाढू लागते. शाळा, नोकरी, न्यायालय यांत भाषेला जागा का हवी, याचं इतकं थेट गणित मला दुसरं माहीत नाही.

पण या मॉडेलात माणूस एकभाषक असतो आणि शेवटी एकच भाषा उरते. आपल्याकडे हे चालायचं नाही. तंजावरच्या मराठी घरांनी तमिळ आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या सोबत सांभाळल्या. अशा माणसाला मॉडेलात रकाना नसेल, तर त्याला कुठल्यातरी एका बाजूला ढकलावं लागतं, आणि मग निकालात जे दिसतं ते आपणच घातलेलं असतं.

म्हणून द्विभाषकांना रकाना देणाऱ्या, तिसऱ्या प्रकारच्या मॉडेलांकडे माझा कल आहे. मिरा आणि परेदेस यांनी २००५मध्ये स्पेनमधल्या गालिसिया प्रांतातल्या गालिसियन आणि कास्तिलियन (म्हणजे स्पॅनिश) भाषांसाठी द्विभाषकांचा वेगळा गट केला आणि भाषांमधल्या जवळिकीचा आकडा जोडला. भाषा पुरेशा जवळच्या असतील तर दोन्ही टिकू शकतात, असं त्यातून निघतं. कास्तेयो, एगिलुझ आणि सान मिगेल यांनी २००६मध्ये द्विभाषक चौकटीच्या कागदावर आणले, तेव्हा ते दोन वस्त्यांच्या सीमेवर पातळ पट्टीसारखे उरले, स्वतःची वस्ती काही करेनात. सीमाभागावर काम करणार असाल तर हे दुसरं घ्या. जिल्ह्याची एकूण टक्केवारीच हाती असेल तर पहिलं पुरतं.

आकडेही याच बाजूला आहेत. भारताची जनगणना मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांपर्यंत नोंद घेते, त्यामुळे द्विभाषकांचा रकाना रिकामा राहत नाही. अडचण आहे ती जवळिकीच्या आकड्याची. मराठी–कोंकणीसाठी तो शब्दसाम्यावरून काढलात, तर देवनागरी आणि रोमी लिपींमधलं अंतर त्यात येणार नाही. शिवाय गोव्यात मातृभाषा कोणती सांगायची हेही पुष्कळदा मतच असतं. तिथला प्रकल्प असेल तर जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यासाठी मतदार मॉडेल आणि येणाऱ्या भाषांसाठी द्विभाषक मॉडेल, अशी दोन्ही वेगवेगळी चालवा.