सीडी रिप करताना गॅपचं काय करायचं? मागच्या ट्रॅकला जोडा, पुढच्याला जोडा की काढून टाका

रिपिंगच्या, म्हणजे सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवायच्या, प्रोग्रामात गॅपचं (दोन ट्रॅकमधल्या भागाचं) सेटिंग उघडलं की साधारण हेच पर्याय दिसतात: गॅप आधीच्या ट्रॅकला जोडा, पुढच्याला जोडा, नाहीतर सरळ वगळा. शिवाय ट्रॅक न पाडता अख्ख्या सीडीची एकच फाइल आणि सोबत क्यू शीट, म्हणजे कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल, हा चौथा. घाई असेल तर पहिला निवडा आणि क्यू शीट मात्र नक्की सेव्ह करा. कारणं खाली लिहितोय.

पहिली गोष्ट, गॅप म्हणजे शांतताच असते असं नाही. सीडीवर प्रत्येक ट्रॅकला इंडेक्स, म्हणजे जागेच्या खुणा, असतात, ०१ म्हणजे ट्रॅक जिथून सुरू होतो ती जागा आणि ०० असेल तर तिथून प्रीगॅप, म्हणजे हाच गॅप, सुरू होतो. सीडी प्लेयरच्या डिस्प्लेवर दोन गाण्यांच्या मध्ये वेळ उलटी मोजली जाताना बघितली असेल ना, तोच हा भाग. लाईव्ह रेकॉर्डिंग असेल तर तिथे टाळ्या असतात, गायक पुढच्या गाण्याबद्दल काहीतरी बोलत असतो, आणि कित्येक सीडींमध्ये गॅप नसतोच, एक ट्रॅक संपतो तिथेच दुसरा चालू. थेट ५ नंबरचा ट्रॅक लावला तर प्लेयर इंडेक्स ०१ वर उडी मारतो, त्यामुळे प्रीगॅप ऐकूच येत नाही, तो फक्त ४ नंबर संपून ५ कडे जाताना ऐकू येतो.

आता मागच्या ट्रॅकला जोडण्याचा सगळ्यात मोठा फायदा, जो फारसं कोणी सांगत नाही. सीडीच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे टीओसीमध्ये, फक्त इंडेक्स ०१ च्या जागा लिहिलेल्या असतात. ०० कुठे आहे हे तिथे नसतं, ते क्यू सबचॅनलमधून, म्हणजे सीडीवर ऑडिओसोबत लिहिलेल्या ट्रॅक-वेळेच्या माहितीतून, शोधून काढावं लागतं, त्याला वेळ लागतो आणि काही ड्राइव्ह ते थोडं चुकीचं वाचतात. मागे जोडलं की फाइल ०१ ते पुढच्या ०१ पर्यंत कापली जाते, त्यामुळे गॅप शोधण्यात गडबड झाली तरी तुमचा ऑडिओ बरोबरच राहतो, फार तर क्यू शीटमधला एक आकडा चुकतो. पुढे जोडताना किंवा वगळताना तसं नाही, तिथे ०० चुकला की कापच चुकीच्या जागी. आणि अ‍ॅक्युरेटरिप, म्हणजे तुमची रिप इतरांच्या रिपशी जुळते का ते सांगणारा डेटाबेस, तो पण टीओसीच्याच हद्दी धरून चेकसम (ऑडिओवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढतो, म्हणजे मागे जोडलेल्या फाइल सरळ ताडून बघता येतात.

तोटा आहेच. शफलवर ऐकताना गाणं संपल्यावर दुसऱ्याच गाण्याची प्रस्तावना ऐकू येते आणि मग भलतंच काहीतरी लागतं. तुमच्याकडे बोलणं जास्त असलेल्या लाईव्ह सीडी खूप असतील आणि तुम्ही सुटी गाणीच ऐकत असाल तर पुढे जोडणं खरंच बरं, बोलणं आपापल्या गाण्यासोबत राहतं. पण मग स्टुडिओ अल्बममध्ये गाणं लावल्यावर आधी दोन-तीन सेकंद काहीच ऐकू येत नाही, मला ते अजिबात चालत नाही.

गॅप वगळायचा पर्याय मी कोणालाच सुचवणार नाही. टाळ्या मध्येच तुटतात, सलग वाजणाऱ्या अल्बमचा सांधा उखडतो, आणि बाकी पर्यायांमधून परत फिरता येतं तसं इथून येत नाही, कारण तो ऑडिओ तुमच्याकडे उरलेलाच नसतो. गॅपमध्ये निव्वळ शांतता असेल तर क्यू शीटमध्ये प्रीगॅप कमांड टाकून बर्न करताना (फाइल परत सीडीवर लिहिताना) ती परत आणता येते, पण शांतताच होती हे आधी ऐकून बघायला हवं.

एकच फाइल अधिक क्यू शीट हे साठवणुकीसाठी उत्तम, नंतर त्यातून हव्या त्या पद्धतीने ट्रॅक पाडता येतात. रोजच्या ऐकण्यासाठी त्रासदायक, कारण मोबाईलमधले बरेच प्लेयर क्यू शीट वाचत नाहीत आणि ती हरवली तर हातात एक तासभराची फाइल. यात अजून एक बघा, काही अल्बममध्ये पहिल्या ट्रॅकच्या ०१ च्याही आधी एखादं गाणं लपवलेलं असतं, प्लेयरवर पहिला ट्रॅक लावून मागे रिवाइंड केलं तरच सापडतं. मागे जोडायचं म्हटलं तर पहिल्या ट्रॅकच्या मागे ट्रॅकच नाही, म्हणून ते गाणं सुटतं, ते वेगळं काढायचं सेटिंग असेल तर चालू ठेवा.

एकच फाइल नंतर कापणार असाल तर, क्यू शीटमधली वेळ मिनिट, सेकंद, फ्रेम अशी असते आणि सेकंदाला ७५ फ्रेम, म्हणजे एका फ्रेममध्ये ५८८ सॅम्पल (आवाजाच्या एकेक मोजण्या). काप याच हद्दीवर घ्या. ऑडिओ एडिटरमध्ये अंदाजाने कापलं तर परत बर्न करताना शेवटची अर्धवट फ्रेम शून्यांनी भरली जाते आणि सलग संगीतात तिथे टिक असा आवाज येतो. एमपीथ्री केल्यावर दोन ट्रॅकमध्ये बारीक खंड ऐकू येत असेल तर त्याचा सीडीच्या गॅपशी संबंध नाही, एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी रिकामे सॅम्पल घालतो, लेम या एमपीथ्री एन्कोडरने केलेल्या फाइलमध्ये ते किती हे लिहिलेलं असतं पण प्लेयरने वाचायला हवं. फ्लॅकमध्ये, म्हणजे ऑडिओतलं काहीही न गमावता साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, हा प्रश्नच येत नाही. आणि बर्न करताना डिस्क-अ‍ॅट-वन्स (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडा, ट्रॅक-अ‍ॅट-वन्समध्ये (एकेक ट्रॅक वेगळा लिहिणं) ड्राइव्ह सहसा प्रत्येक ट्रॅकमध्ये २ सेकंदांचा गॅप स्वतःच घालतो, तुम्ही फाइल कितीही नीट कापल्या असल्या तरी.