डिझेल खाणाऱ्या जिवाणूंची पावडर: सात महिने वापरल्यावर

काल कंपनीच्या माणसाने फोनवर पुन्हा तेच सांगितलं, "अजून दोन पाकिटं टाका." म्हणून हे लिहायला बसलो.

दिवाळीच्या आधी आमच्या हर्णैच्या घरामागे होडीच्या डिझेलचं पिंप गळलं. रात्रभरात निम्मं पिंप मातीत. विहीर तिथून वीस पावलांवर आणि त्या पाण्यावर वाडीतली चार घरं. झोपच उडाली. साडेतीन हजारांची पावडर मागवली. भुशात बसवलेले सूडोमोनास वगैरे जिवाणू. पाकिटावर एवढंच: शिंपडा, पाणी मारा, तीन महिने थांबा.

थांबलो. जानेवारीत माती हातात घेतली तर तोच दर्प. वर पाणी ओतलं तर अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं निघून गेलं. पैसे पाण्यात, असंच तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

मग दापोलीला कृषी शिकणारी भाची आली. तिने पहिला प्रश्न विचारला, "मामा, माती उकरलीत का?" मग तिने समजावलं: डिझेलमधल्या बेंझिन, नॅप्थलीनसारख्या रेणूंचं कार्बनचं वलय फोडायला हे जिवाणू हवेतला ऑक्सिजन वापरतात. डायऑक्सिजनेज नावाचं विकर ऑक्सिजनचे दोन्ही अणू त्या वलयात घुसवतं, तेव्हा कुठे ते पुढे उघडतं. दाबून बसलेल्या मातीत हवा जाणार कशी? शिवाय डिझेलमधून त्यांना मिळतो तो कार्बन. नत्र आणि स्फुरद आपणच द्यायचं, कार्बन, नत्र, स्फुरद साधारण १००:१०:१ या हिशोबाने. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणून थोडा चुनाही. यातलं एक अक्षर पाकिटावर नाही! कुदळ हा शब्द छापायला किती शाई लागते?

फेब्रुवारीपासून दर रविवारी वीतभर खोल उकरलं. थोडा युरिया, मूठभर सुपर फॉस्फेट, चुना, आणि ओल राहील इतकंच पाणी. एप्रिलमध्ये पाणी ओतलं, माती प्यायली. वासही जवळजवळ गेला. म्हटलं, पावडर चांगली होती, आपलंच चुकलं.

पण पडवीकडच्या पट्ट्याला पावडर पुरलीच नव्हती. तिथे फक्त कुदळ, खत, चुना आणि पाणी. तोही तितकाच सुधारला. थोडं डिझेल उन्हाने उडालं असेल, मान्य. पण ते दोन्हीकडे सारखंच उडालं ना? म्हणजे खाणारे जिवाणू आमच्या मातीत आधीपासूनच होते. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हाही किनाऱ्यावर खत फवारून तिथल्याच जिवाणूंना वाढवलं होतं. आमच्याकडे ते दोन-तीनशे रुपयांत झालं.

इंजिनाच्या जुन्या काळ्या ऑइलचा डाग मात्र अजून आहे. त्यातले चार-पाच वलयांचे रेणू फार हळू फुटतात, त्याला वेळ द्यावा लागेल.

विहिरीचं पाणी दोनदा तपासून घेतलं, तेल आलं नाही. तरी पिण्याचं पाणी अजून दुसऱ्या वाडीतून आणतोय. मिरग तोंडावर आला आहे. त्याआधी त्या जागेवर ताडपत्री घालून कडेने चर खणायचा आहे, म्हणजे उरलेलं पावसाबरोबर विहिरीकडे जाणार नाही.