कोविड साथीच्या लाटेत हार्ट अटॅक: जवळचं इंजेक्शन की लांबची कॅथलॅब?

नियम मिनिटांचा आहे. ईसीजीत एसटी (आलेखातला एक भाग) उचललेला दिसला, की तिथून 120 मिनिटांत हृदयाच्या बंद नळीतून तार पार होणार असेल तर कॅथलॅबमध्ये अँजिओप्लास्टी, म्हणजे तार-फुग्यानं नळी उघडणं. नसेल तर जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. साथीतही नियम हाच, फक्त वाटेत मिनिटं जास्त जातात.

तासगावहून सांगली जवळ आहे, तिथल्या पेशंटनं लाटेतही कॅथलॅबच गाठावी. जतहून मिरज ऐंशीएक किलोमीटर, तिथे एरवीही इंजेक्शनच बरं. खरा पेच मधल्यांचा: विट्याहून सांगली, दहिवडीहून सातारा. सव्वा-दीड तास रस्त्यात गेल्यावर उरतो अर्धा-पाऊण तास. त्यात ॲम्ब्युलन्सची वाट, दारात रॅपिड टेस्टची पंधरा-वीस मिनिटं, टीमनं पीपीई चढवणं, आधीच्या कोविड पेशंटनंतर लॅबची सफाई. 2020 मध्ये भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं इंजेक्शनकडे कल दिला. अमेरिकेतल्या संघटनांनी शक्य तिथे अँजिओप्लास्टीच धरली. मधल्या पट्ट्यासाठी आम्हाला इंजेक्शनच पटतं, पण कॅथलॅबकडे निघायचं असेल तर आधी तिथे फोन झालाच पाहिजे: लॅब चालू आहे का, टीम हजर आहे का, बेड आहे का? ईसीजीचा फोटोही पाठवा.

इंजेक्शनचा धोका मेंदूतल्या रक्तस्रावाचा, साधारण शंभरात एकाला. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला, सहा महिन्यांतला लकवा, महिन्याभरातली मोठी शस्त्रक्रिया किंवा डोक्याला मार, बीपी 180/110 च्या वर आणि खाली येत नाही, अशांना लांब पडली तरी कॅथलॅबच. साथीत आणखी एक मेख आहे. इटलीत 2020 मध्ये एसटी उचललेल्या 28 कोविड पेशंटपैकी 11 जणांच्या अँजिओग्राफीत अटॅकला कारण ठरणारी बंद नळी सापडलीच नाही. म्हणून ताप-खोकला असेल आणि ईसीजी अटॅकशी नेमका जुळत नसेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून मगच सुई.

गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं दोन: टेनेक्टेप्लेज वजनानुसार 30 ते 50 मिलिग्रॅम, एकदाच. वय 75 च्या पुढे असेल तर निम्मा डोस. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त, 15 लाख युनिट अर्धा ते एक तासात. बीपी घसरतं, आणि पूर्वी दिलेलं असेल तर पुन्हा चालत नाही, हे घरच्यांनी आठवणीनं सांगावं. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅम आधीच चावून घ्यायची. गॅस झालाय म्हणून सोडा पाजत बसण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि साथीत कोविडच्या भीतीनं तर दवाखानाच टाळला गेला.

इंजेक्शननंतर काम संपत नाही. 60 ते 90 मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्यानं उतरला नसेल तर लगेच मिरज-सांगली, सातारा किंवा कराड. उतरला तरी 2 ते 24 तासांत अँजिओग्राफी हवी, म्हणून सुई देतानाच गाडी आणि बेड पक्के करा. सोबतच्या कागदावर औषधाचं नाव, डोस, वेळ आणि हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती दिलं ते लिहून द्या. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊनच निघा.