घरगुती तेलयंत्र: जवसाला पास, शेंगदाण्याला काठावर

ओट्यावर मावणारी, ४०० ते ७०० वॅटची तेल काढायची यंत्रं बाजारात बऱ्याच नावांनी मिळतात. डबा वेगळा, स्टिकर वेगळं, आतली रचना मात्र बहुतेक एकच: वर दाणे ओतायचं हॉपर, आडव्या बॅरलमध्ये फिरणारा स्टीलचा स्क्रू, बॅरलला हीटर, खाली तेल गळायच्या फटी आणि पुढच्या टोकाला पेंड बाहेर पडायचं तोंड. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या जातीच्या यंत्राचं आहे.

आधी डब्यावरच्या ‘कोल्ड प्रेस’बद्दल. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेच्या खाद्यतेल मानकानुसार कोल्ड प्रेस्ड तेल म्हणजे उष्णता न देता, फक्त यांत्रिक पद्धतीने काढलेलं तेल. हे यंत्र सुरू केलं की पहिला तापतो तो हीटर! बॅरल शंभर अंशांच्या वर जातं आणि तेल साधारण ५५ ते ७० अंशांना बाहेर येतं. लाकडी घाण्यात लाट (दाणे चिरडणारा दांडा) सावकाश फिरते, तिथलं तेल सहसा ४०-४५ अंशांच्या आसपास असतं. यंत्राचं तेल वाईट नाही. त्यात रसायन नाही, वास आणि चव शाबूत असते. थंड तेवढं नाही. पण म्हणून हीटर बंद ठेवून चालवायला जाऊ नका. थंड बॅरलमध्ये पेंड घट्ट बसते आणि स्क्रू अडकतो.

आता उतारा, म्हणजे किलोमागे किती तेल निघतं ते. ‘एक किलो दाण्यांत अर्धा लिटर’ असं विक्रेते सर्रास सांगतात. दाण्यात तेल असतं ४५ ते ५० टक्के. अर्धा लिटर तेलाचं वजन सुमारे ४६० ग्रॅम, म्हणजे पेंड जवळजवळ कोरडी ठाक निघायला हवी. प्रत्यक्षात या यंत्राच्या पेंडीत १०-१२ टक्के तेल राहतंच. त्यामुळे किलोमागे साधारण ४०० ते ४३० मिली गढूळ तेल मिळतं आणि गाळ बसल्यावर हाती ३८०-४०० मिली उरतं. तिळाचं ४५० मिलीच्या आसपास, जवसाचं ३२०-३३०, करडईचं जेमतेम २३०-२४०. करडईत सालच जास्त, त्याला यंत्र काय करणार? उतारा तपासायचा सोपा मार्ग म्हणजे पेंडीचं वजन. किलोभर दाण्यांची पेंड ६०० ग्रॅमच्या आसपास भरली तर काम ठीक आहे. ६८० भरली तर तेल पेंडीतच गेलं.

उतारा बिघडतो तो बहुतेक वेळा दाण्यातल्या ओलाव्यामुळे, आणि लोक दोष देतात मोटरला. शेंगदाण्यात ६-७ टक्के ओलावा असावा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. वाकून दबला तर ओला आहे: पेंड मऊ, दोरीसारखी येते, तेल दुधाळ आणि फेसाळ. दोन-तीन तास कडक उन्हात पसरा. उलट, दाणा फार वाळला असेल तर पेंडीचा भुगा होतो, करपट वास येतो आणि यंत्र कुरकुरतं. मग किलोला १०-१५ मिली पाणी शिंपडून, चोळून, रात्रभर झाकून ठेवायचं.

शेंगदाण्याची दुसरी अडचण लाल सालीची. सोललेले पांढरे दाणे घातले तर आत चक्क पीनट बटर होतं. दाब तयार व्हायला थोडा चोथा, थोडं घर्षण लागतं आणि ते सालीतून मिळतं. मोठ्या एक्स्पेलरवर (कारखान्यातल्या तेलयंत्रावर) दाण्यात थोडी टरफलं मिसळतात ती याचसाठी. तेव्हा साल काढू नका आणि दाणे मिक्सरमधून भरडूही नका. बारीक कूट फटींमध्ये बसतो आणि तेल उलटं हॉपरकडे चढायला लागतं. खोबऱ्याची रडकथा हीच. ते अगदी कोरडं हवं, तुकडे ४-५ मिमीचे हवेत, तरीही यंत्र रडतखडत चालतं. खोबरं घाण्यावरच न्यावं.

चालवताना: ८-१० मिनिटं तापू द्या, मग मूठभर दाणे टाका, पेंडीचे कोरडे पापुद्रे पडू लागले की हॉपर भरा. सुरुवातीची ओली पेंड पुन्हा घाला. स्क्रू अडकला तर पाच-दहा सेकंद रिव्हर्स, मग परत पुढे. दोनदा करूनही सुटला नाही तर बंद करून बॅरल उघडा, जोर लावलात तर गिअर तुटतो. खडा मात्र एकच पुरे, स्क्रूवर कायमचा ओरखडा. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे फेकून द्या. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष काढून टाकणारी रिफायनरी घरात नसते, आणि ते विष तेलापेक्षा पेंडीत जास्त उतरतं. त्या पेंडीची चटणी करायची असेल तर निवडणं आणखी महत्त्वाचं.

यंत्र पैसे फेडतं ते जवसावर. जवसाचं तेल हवेने आणि उजेडाने लवकर खवट होतं, तळायला चालत नाही, आणि बाटली दुकानात किती दिवस उभी होती हे कळायला मार्ग नसतो. घरी २००-३०० मिली काढा, गडद बाटलीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा, भाकरीवर-चटणीवर घ्या, संपलं की परत काढा. कारळे आणि तीळही झकास निघतात.

पण जवसानंतरची सफाई टाळली तर तेच तेल वाळून बॅरलमध्ये व्हार्निशसारखं चिकटतं. यंत्र कोमट असतानाच मूठभर कोरडी पेंड आतून फिरवा, स्क्रू काढून लाकडी काडीने फटी साफ करा. आणि जवसाचं तेल पुसलेले कापडाचे बोळे गोळा करून डब्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा साबणाने धुऊन टाका.

ताजं तेल लगेच कढईत ओतू नका. उंच स्टीलच्या भांड्यात ४८ तास स्थिर ठेवा, वरचं निथळून घ्या, मलमलच्या कापडातून गाळा. गाळ राहिला तर तळताना फेस येतो, तळाशी करपतं आणि तेल लवकर खवट होतं.

पैशांचं बोलायचं तर लिटरला सुमारे अडीच किलो दाणे लागतात. दाणे १३० रुपये किलो धरले तर ३२५ रुपये दाण्यांचेच. किलोमागे वीज पाव युनिटच्या आसपास, ती किरकोळ. वर तासभर उभं राहणं आणि सफाई. जवळ विश्वासाचा घाणा असेल तर महिन्याचं पाच लिटर शेंगदाणा तेल तिथूनच आणा. १०-१५ किलोचा घाणा डोळ्यांसमोर पाऊण तासात निघतो आणि पेंडही आपली आपल्याला मिळते.

घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला शेंगदाण्यावर नको, करडईवर चालवून दाखवायला सांगा. टणक बी पेललं तर मोटर-गिअर ठीक आहेत समजायचं. गिअर धातूचे आहेत का, स्क्रू आणि बॅरल सुटे मिळतात का, वॉरंटी फक्त मोटरची की स्क्रूचीही, रिव्हर्स बटण आहे का, एवढं विचारा. आणि एरंडी या यंत्रात कधीही घालू नका. रायसिन हे विष एरंडीच्या पेंडीत राहतं, आणि फटीत अडकलेली पेंड पुढच्या घाण्यात मिसळते.