खानापूरच्या तांबड्या मातीत मेटल डिटेक्टरला कॉन्सेंट्रिक कॉइल की डीडी?

आमच्या खानापूर भागात जांभ्याची तांबडी माती, म्हणजे लोखंड मातीतच भरलंय, त्यामुळं कॉइल, म्हणजे डिटेक्टरची जमिनीवर फिरवायची तबकडी, घेताना आधी मातीचा विचार करा की. कॉन्सेंट्रिकमध्ये एकात एक गोल तारेचं वायंडिंग असतं, सिग्नल बरोब्बर मधोमध येतो, नवीन माणसाला पिनपॉइंट करायला, म्हणजे नेमकी जागा धरायला, एकदम सोपं, पण असल्या मातीत ती खोली गमावते आणि सारखी कुरकुरत राहते. डीडीमध्ये इंग्रजी D च्या आकाराची दोन वायंडिंग एकमेकांवर चढवलेली, मधली अरुंद पट्टीच काय ती धातू पकडते, म्हणून माती कमी त्रास देते आणि खिळ्याशेजारचं नाणंही वेगळं ऐकू येतं. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीतपण मी डीडीच घेईन, कारण ती बेसाल्टची, तिच्यातपण लोखंड असतं. मात्र ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल डिटेक्टरला दुर्लक्षायला लावणं, आधी करायचाच, तो चुकला तर कुठलीच कॉइल कामाची नाही.

आता टोन, म्हणजे धातू लागल्यावर डिटेक्टर काढतो तो आवाज. लोखंड खाली घुमतं, तांबं-चांदी वर किणकिणते, हे दोन दिवसात कळतं. खरी गोम मधल्या टोनमध्ये, सोन्याची अंगठी आणि चॉकलेटचा चंदेरी कागद तिथंच बोलतात! भाताच्या शेतात हरवलेली अंगठी शोधताना मधला टोन सोडलात तर अंगठीपण सोडलीत, तेवढं खणायलाच पाहिजे. आणि बाटलीचं पत्र्याचं झाकण डीडीवर कधी कधी चांदीसारखं वर वाजतं, तिथं कॉन्सेंट्रिक बरी. डीडी असेल तर आडवं-उभं दोन्हीकडनं फिरवा, टोन तुटला तर बहुतेक झाकणच.