झुलिपवर नऊ महिने: आमच्या फवारणी-वहीच्या चर्चेची घडी

गेल्या ऑक्टोबरात, गोडी छाटणीच्या (द्राक्षवेलींच्या फळछाटणीच्या) ऐन धामधुमीत आम्ही झुलिप या गटचर्चेच्या अ‍ॅपवर आलो. द्राक्षबागायतदारांना फवारणीच्या नोंदी ठेवता याव्यात म्हणून एक मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) अ‍ॅप आम्ही सात जण लिहितो. चौघे नाशकात, दोघे पुण्यात आणि एक दादा दिंडोरीचे, स्वतः बागायतदार.

आधी सगळं बोलणं फोनवरच्या ग्रुपवर चालायचं. शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंतचे दिवस मोजताना फवारणीचा दिवस धरायचा की नाही, यावर तिथे तीनदा वाद झाला. तिन्ही वेळा निर्णय झाला आणि तिन्ही वेळा तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला गेला. निर्यातीच्या मालाची रेसिड्यू, म्हणजे उरलेल्या औषधाच्या अंशांची, तपासणी होते, तिथे एका दिवसाची चूक परवडत नाही.

झुलिप स्वतः २०१५ पासून मुक्तस्रोत आहे, अपाची २.० परवान्याखाली. त्यात चॅनेलच्या आत प्रत्येक बोलण्याला विषयाचं नाव देता येतं. आम्ही ते सक्तीचंच केलं. देवनागरीत नावं नीट चालतात. मर्यादा ६० अक्षरांची असते आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, म्हणून नाव थोडक्यात बसवायची सवय लागते. चर्चा भरकटली तर तेवढेच संदेश उचलून दुसऱ्या विषयात हलवता येतात. निर्णय झाला की विषयावर ‘सुटला’ अशी खूण करायची. कोडचे तुकडे रंगीत आणि वाचनीय दिसतात, हेही सोयीचं.

खरा फायदा जानेवारीत कळला. नव्याने आलेल्या एका विद्यार्थ्याने तोच दिवस मोजण्याचा प्रश्न विचारला. मी फक्त त्या विषयाचा दुवा दिला. त्याने सगळी चर्चा वाचली. फवारणी कधीकधी संध्याकाळी होते, हा दादांचा मुद्दा आणि म्हणून तो दिवस सोडून मोजायचं का ठरलं, हे त्याला तिथेच सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्यासाठी कोड तपासणारी चाचणी लिहून पाठवली. नुसता निर्णय सांगितला असता तर ती चाचणी त्याला सुचली नसती, असं मला मनापासून वाटतं.

मात्र हे आपोआप होत नाही. पहिले दोन महिने ‘प्रश्न’, ‘अडचण’, ‘मदत’ असलीच नावं पडायची. आता दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्यापैकी एक जण अर्धा तास बसून नावं बदलतो, संदेश हलवतो, सुटलेल्यांवर खूण करतो. हे काम कोणी अंगावर घेणार नसेल तर झुलिपवर येऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर मोफत योजनेत शेवटचे १०,००० संदेशच शोधता येतात. मुक्तस्रोत प्रकल्पांना विनंती केल्यावर मोठी योजना विनाशुल्क मिळते. सुरुवातीलाच अर्ज करा. स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं.

दादा आधी फक्त वाचायचे. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः विषय उघडला: ‘केवडा, पाऊस किती मिमी ते नोंदवायचं’ (केवडा हा द्राक्षावरचा रोग). त्यावर आतापर्यंत सतरा उत्तरं आली आहेत आणि खूण अजून बाकी आहे.