१९५ किलो म्हणजे नक्की किती? क्लासिक, हंटर, हिमालयन, एक्सपल्स वजनाच्या बाजूने बघताना

माझ्या मावसबहिणीला बाईक घ्यायचीये. उंची पाच फूट दोन इंच, सात वर्षं स्कूटर चालवलीये, रोज कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी उतरून मामाकडे माणगावला. तिने मला चार नावं पाठवली, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०, हंटर ३५०, हिमालयन ४५० आणि हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, पुढे ब्रोशरमधली वजनं १९५, १८१, १९६ आणि १५९ किलो, आणि खाली एकच ओळ, "दादा क्लासिक आणि हिमालयन सेमच की, मग हिमालयनच घेऊ ना?"

सेम नाहीयेत. आणि तिला फोनवर सांगता सांगता मला कळलं की हे नीट लिहूनच काढायला पाहिजे, कारण बाईक घेताना मायलेज आणि सीसी सगळे विचारतात पण वजन नेमकं कसं मोजलंय हे कोणी विचारत नाही, आणि रोज त्रास कशाचा होतो तर त्या वजनाचाच.

आधी आकडा कुठून येतो ते. ड्राय वेट म्हणजे कोरडी गाडी. पेट्रोल नाही, इंजिन ऑईल नाही, कूलंट नाही, पूर्वी काही कंपन्या बॅटरीसुद्धा काढून मोजायच्या. आकडा छान दिसतो पण तशी गाडी कोणी चालवत नाही. कर्ब वेट म्हणजे चावी फिरवली की निघता येईल अशी गाडी, फक्त माणूस सोडून. त्यातही पेट्रोल किती धरलंय हा प्रश्न राहतोच. युरोपात २०१३ च्या १६८ नंबरच्या नियमाप्रमाणे टाकी निदान ९० टक्के भरलेली धरतात, रॉयल एनफिल्ड पण आपल्याकडे कर्ब वेटपुढे ९० टक्के पेट्रोल आणि ऑईल असं लिहिते. डुकाटी आता बाकी सगळं धरून पण पेट्रोल सोडून वजन देते. म्हणजे तीन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवले तर ते तीन वेगळ्या गोष्टींचे असू शकतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण या चार गाड्यांतच आहे. हिमालयन ४५० चं ड्राय वेट १८१ किलो आणि हंटरचं कर्ब वेट पण १८१ किलो! कोणी एका ठिकाणी हिमालयनचा कोरडा आकडा वाचला आणि दुसरीकडे हंटरचा भरलेला, तर त्याला वाटणार दोन्ही सारख्याच. हिमालयनची टाकी १७ लिटरची, ९० टक्के म्हणजे १५ लिटरच्या थोडं वर, पेट्रोलचा एक लिटर साधारण पाऊण किलोला थोडा कमी भरतो, म्हणजे सव्वाअकरा साडेअकरा किलो नुसतं पेट्रोल, वर ऑईल आणि कूलंट वगैरेचे साडेतीन किलो, झाले १५ आणि १८१ चे झाले १९६. हिशोब बरोबर जुळतो.

अजून एक आकडा तुमच्या खिशात आहे, आरसीवर. तिथे अनलेडन वेट छापलेलं असतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याची व्याख्या आहे, गाडी आणि तिच्यासोबत नेहमी लागणारं सामान धरून पण चालक सोडून. सेकंडहँड घेताना हा आकडा बघून घ्या, पण त्यात आधीच्या मालकाने लावलेलं लेग गार्ड आणि कॅरियर येत नाही हे लक्षात ठेवा.

ते किती असतं हे मी स्वतः मोजलं. माझी क्लासिक आहे, लेग गार्ड, दोन्ही बाजूंना सॅडल स्टे (बॅगा टांगायच्या लोखंडी चौकटी), मागे बॅकरेस्टवालं कॅरियर आणि टूल बॅग. आधी ट्रकच्या वजनकाट्यावर नेली तर उपयोग नाही झाला, कारण त्या काट्याचा आकडा १० किलोच्या टप्प्याने बदलतो, ट्रकला चालतं, बाईकला नाही. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी भंगारवाले काका आहेत त्यांच्या प्लॅटफॉर्म काट्यावर. एकावेळी एकच चाक मावतं, म्हणून पुढचं चाक काट्यावर आणि मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीच्या दोन फळ्या, नाहीतर गाडी तिरकी होते आणि वजन एका बाजूला सरकतं. साईड स्टँड वर, एकाने हँडल नुसतं दोन बोटांनी धरलं, जोर लावला की काटा लगेच खोटं बोलतो. पुढे ९८, मागे १११. एकूण २०९ किलो. ब्रोशरच्या वर १४ किलो, त्यातला एक किलो टाकी गळ्यापर्यंत भरल्याचा आणि बाकी सगळं मी हौसेने लावलेलं लोखंड. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण म्हणाले एवढं लोखंड काढून माझ्याकडेच टाक!

आता मुद्द्याचं. गाडी सरळ उभी असते तेव्हा सगळं वजन टायर घेतात, तुमच्या हातात काहीच नसतं. ती झुकली की मग तुमच्याकडे यायला लागतं, आणि फार पटकन. समजा १९५ किलोची गाडी, वजनाचा मध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटरवर आणि तुम्ही हँडल एक मीटर उंचीवर धरलंय असं धरून चालू. ५ अंश झुकली तर हातावर ९ किलो, १० अंशाला १९ किलोच्या आसपास, २० अंशाला ३७ च्या जवळ. म्हणून सिग्नलला पाय घसरला की पहिल्या क्षणाला सावरता येतं, दुसऱ्या क्षणाला नाही. आणि तोच मध्य ५५ ऐवजी ६५ वर असेल, म्हणजे उंच गाडी, उंच टाकी, वर पेट्रोल, तर १० अंशालाच २२ किलो आणि २० अंशाला ४३-४४. वजन जवळपास तेच, पण हाताला वेगळं लागतं.

क्लासिक आणि हिमालयनमध्ये एका किलोचा फरक असून त्या सेम का नाहीत ते इथे आहे. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर, टाकी १३ लिटर, इंजिन खाली आणि गाडी बुटकी. हिमालयनची सीट ८२५, टाकी १७ लिटर, पुढे २१ इंची चाक आणि जास्त वरखाली होणारं सस्पेन्शन, म्हणजे सगळंच वर. बुटक्या माणसाला तर दुहेरी मार बसतो, कारण पाय टेकवायलाच गाडी जास्त झुकवावी लागते आणि झुकली की वजन हातावर. पाच फूट दहाच्या माणसाला हीच हिमालयन पिसासारखी वाटेल कारण त्याचे दोन्ही तळवे टेकतात आणि गाडी कधी झुकतच नाही. त्यामुळे कोणी "अरे हलकी आहे रे" म्हणालं की आधी त्याची उंची विचारा.

पण चालत्या गाडीला चित्र उलटं होतं, हे पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. हिमालयनला ४० पीएसची (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) ताकद आहे, क्लासिक आणि हंटरला २०.२, एक्सपल्सला १९ च्या आसपास. ७५ किलोचा माणूस बसवून टनाला किती पीएस पडतात ते काढलं तर क्लासिक ७५, हंटर ७९, एक्सपल्स ८२ आणि हिमालयन जवळजवळ १४८. म्हणजे वरंधा घाटात मागे माणूस आणि सामान घेऊन ट्रकला ओव्हरटेक करताना हिमालयनचं वजन जाणवतच नाही, आणि एक्सपल्स हलकी असून पण तिथे गिअर पाडून पाडून चालवावी लागते. हायवेला शेजारून कंटेनर गेला की जो वाऱ्याचा धक्का बसतो त्यात जड गाडी कमी हलते, खंबाटकीच्या पुढे साताऱ्याकडे जाताना हा फरक मला दर वेळी कळतो. वजन हा नुसता दोष नाहीये. थांबताना, वळवताना, ढकलताना तो दोष, धावताना बऱ्याचदा गुण.

ढकलण्याचं म्हणाल तर बेसमेंट पार्किंगचा रॅम्प घ्या. आठ फुटाला एक फूट चढ असेल तर इंजिन बंद करून गाडी वर ढकलायला वजनाचा आठवा भाग लागतो, क्लासिक साधारण २४ किलो, हंटर साडेबावीस, एक्सपल्स २०, आणि ११२ किलोची स्प्लेंडर असेल तर १४. एकदा ठीक आहे, पण रोज सकाळी ऑफिसच्या बॅगेसकट, दोन कारच्या मधून, मागच्या मागे... तिथे हंटर आणि क्लासिकमधला १४ किलोचा फरक खरा कळतो. इंजिन तेच, ३४९ सीसी, तरी हंटरला १७ इंची चाकं, कमी पत्रा आणि छोटा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर), १३७० विरुद्ध १३९० मिलिमीटर, म्हणून ती अरुंद जागेत वळते पण पटकन. सीट ७९० च्या आसपास. शहरासाठी चौघीत हीच सगळ्यात सोपी, माझ्या मनात शंका नाही.

एक्सपल्सबद्दल मात्र मी दोनदा विचार केला. सीट हिमालयनएवढीच उंच, ८२५, ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यातलं अंतर) २२० मिलिमीटर, पण वजन ३७ किलोने कमी. बहिणीचे पायाचे नुसते चवडे टेकले, तरीही गाडी एका बाजूला झुकली तेव्हा तिने ती पेलली, हिमालयनला नाही पेलता आली. उंची आणि वजन यातलं एकच जास्त असेल तर माणूस जमवून घेतो, दोन्ही असले की नाही. कोकणात मामाच्या घराकडे शेवटचे दोन किलोमीटर लाल मातीचे आहेत आणि पावसात तिथे गाडी पडणार नाही असं कोणी सांगू शकत नाही, तेव्हा पडलेली गाडी एकट्याने उचलता येणं ही मोठी गोष्ट आहे.

मी ते भोगलंय. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये ताम्हिणीत एका वळणावर फोटोसाठी थांबलो, साईड स्टँड मऊ मातीत रुतला आणि मी हेल्मेट काढत होतो तोवर गाडी डाव्या अंगावर. पाऊस, चिखल, आजूबाजूला कोणी नाही, मी हँडल धरून समोरून ओढत बसलो, दोनदा उचलली दोनदा पडली, आठवडाभर कंबर धरली होती. पद्धत नंतर एका जुन्या मेकॅनिकने शिकवली. इंजिन बंद, गिअरमध्ये टाका म्हणजे सरकणार नाही, उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा, हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसा, एक हात हँडलला एक मागच्या ग्रॅब रेलला, आणि पायाने छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. जोर मांड्यांचा, कमरेचा नाही. आणि साईड स्टँडखाली एक चपटा दगड किंवा जुन्या डब्याचं झाकण, मी आता ते टूल बॅगमध्येच ठेवतो.

सामानाचं पण बघून ठेवा. गाडीला किती भार चालतो ते मॅन्युअलमध्ये असतं, हिमालयनचं एकूण वजन ३९४ किलोपर्यंत चालतं म्हणजे माणसं आणि सामान मिळून १९८. ऐकायला भरपूर वाटतं, पण ८० आणि ६५ ची दोन माणसं, जॅकेट हेल्मेट बूट दोघांचे, लोखंडी पॅनियर (बाजूच्या पेट्या) आणि त्यातले कपडे, की आलं जवळ. मागे सामान वाढलं की पुढचं चाक हलकं होतं, ओल्या वळणावर हँडल ढिलं लागतं, तेव्हा मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला ताण) आणि टायरमधली हवा वाढवणं विसरू नका, आणि जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ, कॅरियरच्या टोकाला कधीच नाही.

तर माझं मत विचाराल तर असं. रोजचं शहर आणि उंची कमी, हंटर. खराब रस्ते, एकट्याने फिरणं, हायवेला घाई नाही, एक्सपल्स. निवांत ऐंशीच्या स्पीडने लांब जायचं आणि पार्किंग सपाट, क्लासिक. मागे माणूस आणि सामान घेऊन खरंच लांब जाणार असाल आणि पाय नीट टेकत असतील तर हिमालयन, पण वर्षातून एकदा लडाखला जाऊ या स्वप्नावर नको, कारण बाकीचे ३५० दिवस तीच गाडी पार्किंगमधून काढायची असते.

शोरूममध्ये टेस्ट राईडच्या गाडीत बहुतेक वेळा जेमतेम लिटरभर पेट्रोल असतं, हिमालयनसारख्या गाडीत म्हणजे दहा अकरा किलो कमी, आणि तेही सगळ्यात वरचे. बहिणीने पहिल्यांदा तशीच चालवली आणि म्हणाली अगदी मस्त आहे. या शनिवारी आम्ही परत जाणार आहोत, हंटर आणि एक्सपल्स दोन्हीसाठी. तिला सांगितलंय रोजचे बूट घाल, ऑफिसची बॅग पाठीवर घे, आणि चालवायच्या आधी इंजिन बंद ठेवून दोन्ही गाड्या शोरूमच्या उतारावरून मागे वर ढकलून बघ. टाकी भरायचे पैसे मी देणार आहे.